ओहोटी नसलेला किनारा

आमच्या घरी समुद्रावर जायचं ठरलं की चपला शोधायच्या आधी आजी विचारायची, "आज तिथी काय?" तिथी कळली की तिचा हिशेब तयार. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमाराला पाणी सगळ्यात लांब. रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर नुसतं बसायचं असेल तर कधीही जावं. पण खडपांना वळसा घालून पलीकडे जायचं तर ओहोटीच लागते. भरतीला तीच वाट पाण्याखाली असते आणि लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटत असतात. समुद्र मागे सरतो तेवढ्यात चालून यायचं, एवढं शिकूनच मी मोठी झाले. पाण्याच्या वेळेनं चालायचं.

म्हणून गेल्या वर्षी सप्टेंबरात ग्रीसमधल्या आनाफी बेटावर पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी घरमालकीणबाईंना विचारलं, "उद्या ओहोटी कधी?" त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांची सतरा-अठरा वर्षांची नात मधे बसून दोन्हीकडचं सांगायची. तिलाही माझा प्रश्न उमगेना. तिने दोनदा विचारून घेतलं, आजीशी बोलली आणि म्हणाली, "यायया म्हणते, समुद्र इथेच असतो. कुठे जात नाही." यायया म्हणजे आजी. मग आजीबाईंनी उठून दार उघडलं, मान बाहेर काढून गालावर वारं घेतलं आणि एकच शब्द बोलल्या, "व्होरियास." उत्तरेचा वारा. त्यांच्या लेखी माझ्या प्रश्नाचं उत्तर झालं होतं.

आनाफी हे नाव मला कळलं ते अथेन्समध्ये. कामासाठी तिथे आठवडाभर होते. अक्रोपोलिसच्या ईशान्येच्या उतारावर, त्या थोरल्या खडकाच्या अगदी पायाशी, पांढऱ्या चुन्याची बुटकी घरं एकमेकांना बिलगून बसली आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरावं. भोवती राजधानीचा गजबजाट आणि मधेच हे बेटावरचं खेडं. त्या वस्तीचं नाव आनाफिओतिका. १९व्या शतकात ऑटो राजाच्या काळात नवी राजधानी बांधायला आनाफी बेटावरचे गवंडी आले, त्यांनी राहायला ही घरं बांधली. सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्या वेळात छप्पर चढवलं की घर आपलं, अशी त्यांची समजूत होती असं सांगतात. बरीच घरं पुढे उत्खननासाठी पाडली गेली, काही राहिली. मला त्या घरांपेक्षा त्या गवंड्यांचं नवल वाटलं. दिवसभर दुसऱ्यांची शहरं उभी करायची आणि रात्री आपलं गाव, तेही आठवणीतून, तसंच्या तसं. मुंबईत गिरणगावाच्या चाळींत गणपतीला गावची आरती तालासुरासकट म्हणणारी कोकणी माणसं मला आठवली. ज्या गावाची एवढी ओढ, ते गाव बघावं असं वाटलं आणि मी बोटीचं तिकीट काढलं.

सायक्लेडिस द्वीपसमूहाच्या आग्नेय टोकाला आनाफी आहे. पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर सांतोरिनी, जिथे जगभरातून माणसं लोटतात. आनाफीवर बोट आठवड्यातून मोजक्याच वेळा येते. बेट अडतीस चौरस किलोमीटरचं आणि वस्ती तीनशेच्या आसपास. खाली धक्का, वर डोंगराच्या खांद्यावर 'होरा', म्हणजे गाव. घरांची छपरं कमानदार, अर्ध्या पिंपासारखी. बेटावर इमारती लाकूडच नाही, तुळया आणणार कुठून? म्हणून दगड-चुन्याची कमान. अक्रोपोलिसखालची घरं बांधणारे हात इथे तयार झाले होते.

नकाशा पाहिला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. वाळूचे सगळे चांगले किनारे दक्षिणेला आहेत. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा आठवडेच्या आठवडे वाहतो. त्याचा मार उत्तरेच्या कड्यांवर बसतो, दक्षिण बाजू बेटाच्याच आडोशाला राहते. शिवाय प्रत्येक पुळणीच्या मागे एक कोरडी घळ डोंगरातून उतरलेली असते. आमच्याकडे तिला पऱ्या म्हटलं असतं. हिवाळ्यात थोडे दिवस पाऊस पडतो तेव्हा तो वाहतो आणि डोंगराचा भुगा खाली आणून टाकतो. हे मला चालल्यामुळे कळलं. होडीतून किनारे पाहणाऱ्याला ते सुटे सुटे दिसतात, आज हा, उद्या तो. चालताना एक पऱ्या उतरायचा, पुळण ओलांडायची, सोंडेवर चढायचं, परत उतरायचं. दोन पुळणींच्या मधली सोंड ही वाया गेलेली वाट नाही. वाळू कुठून आली ते तिथेच समजतं. म्हणून मी शेवटपर्यंत होडीत बसले नाही.

होराहून क्लिसिदीला उतरणारी वाट दगडांनी बांधलेली आहे. मला ती बघताक्षणी आमची पाखाडीच वाटली. दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचलेले गडगे, चुना नाही, माती नाही. रत्नागिरीत गडगा जांभ्याचा, तांबडा असतो आणि पावसात त्यावर शेवाळ चढतं. इथला करडा, कोरडाठाक, त्याच्या फटींतून सरडे डोकावतात. गडग्यांनी बांधून काढलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत एके काळी जव पिकत असे. आता बहुतेक शेतांत काटेरी झुडपंच आहेत. त्यांतलं थाइम पायाखाली चिरडलं की थेट ओव्याचा वास येतो. उन्हं चढली की तो वास आपोआप सुटतो, पाय न लावताही. या बेटावरचा मध त्याच झुडपांचा.

क्लिसिदीवर मी पहिल्यांदा पाण्याच्या कडेला नीट थांबले. पुळणीवर आल्मिरिकीची झाडं आहेत, खारट पानांची, दुरून सुरूसारखी झुपकेदार दिसणारी. त्यांच्या सावलीत दोन कुटुंबं पहुडली होती. पाणी इतकं नितळ की तळाच्या वाळूवर लाटांच्या सावल्या हलताना दिसत. मी खडक बघायला गेले, सवयच ती. आमच्या खडपांवर भरती-ओहोटीच्या मधला पट्टा पुरुषभर उंचीचा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सात-आठ फूट चढतं-उतरतं, त्यामुळे तेवढ्या सगळ्या भागावर कालवं, शंख, शेवाळ यांचे मजले असतात. कोणता जीव किती वेळ कोरडा राहू शकतो त्यावर त्याचा मजला ठरतो. क्लिसिदीच्या खडकावर हे सगळं जग मावलं होतं ते माझ्या वीतभर हातात. एक काळसर रेघ, खाली थोडे चिकटलेले जीव, आणि लगेच पाणी. त्या क्षणी मला याययांचं म्हणणं कळलं. समुद्र इथेच असतो. भूमध्य समुद्राला महासागराशी जोडणारं तोंड अगदी चिंचोळं, त्यामुळे महासागराची भरती आत फारशी शिरू शकत नाही आणि एजियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम काही बोटं असतो.

मला हुरहूर वाटली, खोटं कशाला सांगू. जो समुद्र कधीच मागे सरत नाही तो आपला तळ कधी दाखवणार? आमच्याकडे ओहोटीला बायका टोपल्या, कोयते घेऊन जातात. मुळे, तिसऱ्या, कालवं घरी येतात. पैसे नसले तरी त्या दिवसाची कढी होते. इथल्या गरीब घरांनी काय केलं असेल?

त्याचं उत्तर क्लिसिदी आणि कात्सूनीच्या मधल्या सोंडेवर होतं. कड्याच्या फटीतून गोल पानांची वेल खाली लोंबत होती आणि सप्टेंबरातही तिला एक-दोन फुलं होती. पांढऱ्या पाकळ्या, मधून जांभळट लांब केसरांचा झुबका. ते केसर पाहून मी चमकले. आषाढी द्वादशीला उपास सोडायला ज्याची भाजी लागतेच त्या वाघाटीची ही सख्खी बहीण, केपर. बेटावरच्या बायका उन्हाळ्यात तिच्या कळ्या खुडतात, वाळवतात, खारवतात. खाली लाटांचे तुषार उडतात तिथे क्रितामो उगवतं, मांसल पानांचं, खारट चवीचं. ते शिर्क्यात घालून ठेवतात. आणि तिकडचा हिवाळी पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला डोंगरात रानटी केशराची फुलं येतात, त्यांच्या काड्या वेचून ईस्टरच्या पिवळ्या पावात घालतात. समुद्र मागे सरून देत नाही, तेव्हा बाया वर चढून कड्याकडून घेतात. रात्री याययांनी ताटात क्रितामो वाढलं, मी ते कुठे उगवतं ते हाताने दाखवलं, तर त्यांनी कोपरावरचा जुना व्रण दाखवला. वेचताना घसरल्या होत्या.

कात्सूनी, मग फ्लामूरू, मग धाकटा रूकूनास. या तिघांवर मी फार रेंगाळले नाही. ऊन वाढत होतं, पाण्याच्या दोनच बाटल्या होत्या आणि वाटेत दुकान नाही. पण फ्लामूरूच्या अलीकडे उतारावर एक दृश्य होतं. वाळून गेलेल्या जमिनीतून, पान नाही काही नाही, छातीएवढे उंच पांढऱ्या फुलांचे तुरे सरळ वर आले होते. खाली बोडका कांदा अर्धा जमिनीबाहेर. आमच्या सड्यावर येणाऱ्या कोळकांद्याचा हा थोराड भाऊबंद. ग्रीसमध्ये नववर्षाला हा कांदा दारावर टांगतात. उपटून टांगला तरी त्याला कोंब फुटतो, म्हणून तो शकुनाचा.

आणि मग थोरला रूकूनास. सोंडेवरून तो एकदम समोर येतो. लांब, फिकट सोनेरी वाळूची पट्टी, मागे आल्मिरिकीची रांग, त्यांच्याखाली तंबू टाकून राहिलेली काही माणसं, आणि पूर्वेला टोकाशी समुद्रातून सरळ वर आलेला कालामोसचा अजस्र पांढरट कातळ, साडेचारशे मीटरहून उंच. मी तिथे सलग तीन दिवस येत राहिले.

रूकूनासची वाळू वाचायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी मला पाण्याच्या कडेची तपकिरी रास कचरा वाटली. जवळ जाऊन पाहिलं तर वाळलेल्या फितीसारख्या पानांचे थरच्या थर, आणि त्यांत लिंबाएवढे केसाळ गोळे. हातात घेतला तर अगदी काथ्याचा गोळा. ही पोसिडोनिया. शेवाळ नव्हे, समुद्राच्या तळाशी कुरणं करून राहणारी, फुलं येणारी वनस्पती, आणि तिची ही जात फक्त भूमध्य समुद्रातच आढळते. तिची गळलेली पानं लाटा किनाऱ्यावर लोटतात. ती रास हिवाळ्याच्या वादळात वाळूला धरून ठेवते. पर्यटकांना आवडत नाही म्हणून ती उचलून नेली की पुढच्या हिवाळ्यात वाळू वाहून जाते. समुद्राने आपल्याच किनाऱ्याला घातलेली ती गोधडी आहे. कुणी ती ओढून नेऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं. आमच्याकडेही किनारा 'सुंदर' करायला निघालेली माणसं आधी वाळूवरच्या वेली उपटतात.

त्या राशीच्या मागे, कोरड्या वाळूत, सागरी लिली फुलल्या होत्या. पांढऱ्या, नाजूक, संध्याकाळी गंध सुटणाऱ्या. टणक करडी पानं उन्हाने पार होरपळलेली आणि फूल मात्र ताजं. तिच्या बिया कोळशाच्या खड्यांसारख्या काळ्या, वजनाला काहीच नाहीत. त्या पाण्यावर तरंगत दुसऱ्या बेटावर जाऊन रुजतात. बियांच्या शेजारीच एक करडा, भोकाभोकांचा दगड सापडला. टाच घासायची वजरी. पाण्यात टाकली तर तरंगली. सांतोरिनीच्या ज्वालामुखीने उडवलेल्या अशा वजऱ्या एजियनच्या किनाऱ्यांवर फिरत असतात. मी ती परत पाण्यात सोडली. ती हलत-डुलत थोडी आत गेली आणि तिथेच राहिली, नेणारी ओहोटी नव्हती म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या झाडांखाली बसले असताना माझ्या मनात सारखे येत होते ते इथे हद्दपार करून आणलेले लोक. १९२०च्या दशकात आणि नंतर १९३६ पासून मेटाक्सासच्या हुकूमशाहीत सरकारला नको असलेल्या माणसांना, कम्युनिस्टांना, कामगार पुढाऱ्यांना, अशा दूरच्या बेटांवर आणून सोडत. आनाफी त्यांतलं एक. त्यांनी आपला गट केला, एकत्र चूल मांडली, कामं वाटून घेतली, ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवावं असे वर्ग चालवले. मार्गारेट केना नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ १९६६ मध्ये या बेटावर अभ्यासाला आल्या आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिल्या. या हद्दपार माणसांच्या जगण्याबद्दल आज जे नीट माहीत आहे त्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

मी रत्नागिरीची, म्हणून हे मला परकं वाटलं नाही. थिबा राजाच्या वाड्यावरून शाळेची सहल निघायची. ब्रह्मदेश गमावलेल्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच गेला. तीस वर्षं. त्याचा वाडा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. लहानपणी मला वाटायचं, राजाला केवढा छान देखावा! रूकूनासवर पहिल्यांदा वाटलं की ज्याला परत जायला बोट नाही त्याला हा देखावा किती छळत असेल. मी त्या पुळणीवर माझ्या मर्जीने आले होते, परतीचं तिकीट पिशवीत होतं. तेच पाणी, तीच वाळू, पण पाहणाऱ्याच्या पायात काय आहे त्यावर किनारा किनारा राहतो की भिंत होतो.

चौथ्या दिवशी पहाटेच निघाले, पूर्वेच्या टोकाच्या मठापर्यंत जायला. रूकूनासच्या वरच्या अंगाला कास्तेल्ली टेकडीवर जुनं नगर होतं आणि खाली कातालिमात्सापाशी त्याचं बंदर. आता तिथे दगडांच्या ओळी आहेत आणि समुद्र त्यांना हलकेच स्पर्श करत असतो. पुढची वाट कधी पाण्याजवळ, कधी कड्यावर. दोन तासांनी कालामोसच्या पायथ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर झोओदोहोस पिगीचा मठ लागला. मठाच्या भिंतींत मोठमोठे घडीव संगमरवरी चिरे बसवलेले आहेत. ते आधीच्या देवळाचे, अपोलो या ग्रीक देवाच्या.

हे देऊळ इथे का, त्याची कथा इ.स.पू. ३ऱ्या शतकात अलेक्झांड्रियात लिहिलेल्या काव्यात आहे. सोनेरी लोकर घेऊन ग्रीक पुराणातला वीर जेसन आणि त्याचे साथी आर्गो जहाजातून क्रीटहून निघाले आणि वाटेत असा काळोख दाटला की आपण पाण्यावर आहोत की पाताळात हेच कळेना. जेसनने अपोलोचा धावा केला. देवाने सोनेरी धनुष्य उचललं, लखकन उजेड पडला आणि समोर एक लहानसं बेट दिसलं. 'दिसलं' म्हणून आनाफी. बेटावर उतरून त्यांनी देवाला आहुती द्यायची ठरवली, पण मद्य उरलं नव्हतं, म्हणून जळत्या लाकडांवर नुसतं पाणी शिंपडलं. ते बघून जेसनबरोबर आलेल्या मीडिया या राजकन्येच्या बारा दासींना हसू आवरेना. त्या पुरुषांची टर उडवू लागल्या, पुरुषांनी उलट चावट उत्तरं दिली, आणि तेव्हापासून इथल्या अपोलोच्या उत्सवात बायका आणि पुरुष एकमेकांना वेडंवाकडं बोलण्याची चाल पडली.

मठाच्या पायरीवर बसून मी हे आठवत होते आणि मला आमचा शिमगा दिसत होता. होळीभोवती रात्री मारलेल्या बोंबा, एरवी मान वर न करणाऱ्यांच्या तोंडून निघणाऱ्या फाका. देवाच्या दारात, ठरल्या रात्री, तोंड सोडायची मुभा. काळोखातून वाचलेल्या माणसांना हसू फुटतं, हे त्या कवीने किती नेमकं टिपलं आहे.

मठाखालच्या लहान पुळणीवर पाय बुडवून मी परत फिरले. वर कातळमाथ्यावर पानागिया कालामिओतिसाचं, म्हणजे मेरीमातेचं, जुनं देऊळ आहे. ८ सप्टेंबरला त्या माउलीचा उत्सव होतो, सगळं बेट मठात जमतं, आता तो होऊन गेला होता. वर चढायला ऊन फार झालं होतं.

त्या रात्री स्वयंपाकघरात बसलो होतो. आजीबाई टोमॅटो चिरत होत्या. मी नातीला म्हटलं, मला याययांना आमचा समुद्र सांगायचा आहे. मग मी टेबलावर हाताने दाखवलं. पाणी असं मागे जातं. लांब. वाळू उघडी पडते, खडक उघडे पडतात, मासे डबक्यांत अडकतात. आणि मग परत येतं.

सुरी थांबली. याययांनी क्रूस केला, एकदा, दोनदा, तीनदा. काहीतरी भरभर बोलल्या. नात गप्प ऐकत होती, मग म्हणाली, "तिच्या आईने तिला हे सांगितलं होतं. १९५६ मध्ये."

९ जुलै १९५६ च्या पहाटे पाचनंतर आमोर्गोस आणि सांतोरिनीच्या मधल्या समुद्रात मोठा भूकंप झाला. सांतोरिनीवर पन्नासच्या आसपास माणसं गेली, आणि त्सुनामीच्या लाटा भोवतालच्या बेटांवर आदळल्या. याययांच्या आईने धाकट्या भावाला काखोटीला मारून डोंगराकडे धाव घेतली होती. तिने मुलीला आयुष्यभर एकच बजावलं होतं: समुद्र मागे गेलेला दिसला तर मागे वळून बघू नकोस, वर पळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये सांतोरिनीच्या आसपास हजारो धक्के बसले, आनाफीवरही आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा यायया रोज सकाळी उठून आधी धक्क्याकडे नजर टाकत. पाणी जागेवर आहे ना, एवढंच बघायला.

मी जे इतकी वर्षं जगाचं नेहमीचं चक्र समजत होते, ते या घरात एकदाच घडलं होतं आणि तेव्हा माणसं मेली होती.

"किती वेळा?" याययांनी विचारलं. मी म्हटलं, दिवसातून दोनदा.

"रोज?"

"रोज."

"आणि तुम्ही तेव्हा काय करता?"

"आम्ही तिथे चालायला जातो," मी म्हटलं. नातीने ते सांगितलं. याययांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझा हात हातात घेऊन थोपटला आणि म्हणाल्या, "कोरी मू." माझ्या पोरी. लहान लेकराला उंचावरून उतरवून घेताना म्हणतात तशा आवाजात.

निघायच्या दिवशी व्होरियास इतका चढला की बोट आलीच नाही. जोराचा वारा असला की बंदरखातं जहाजांना मनाई करतं. एक दिवस जास्तीचा मिळाला तो मी क्लिसिदीवर काढला. डोंगरावरून येणाऱ्या झोतांनी वाळू पोटऱ्यांना टोचत होती आणि पाणी मात्र आडोशाला पाटासारखं सपाट. दुसऱ्या दिवशी दक्षिणेला क्रीटकडे जाणारी बोट मिळाली. आर्गो आलं त्याच पाण्यातून, उलट दिशेने. डेकवरून सगळा दक्षिण किनारा दिसत होता आणि मी बोटाने मोजत होते: क्लिसिदी, कात्सूनी, फ्लामूरू, धाकटा रूकूनास, थोरला. चार दिवस चाललेली वाट अर्ध्या बोटाएवढी झाली आणि मग फक्त कालामोस उरला.

निरोप घेताना याययांनी नातीकरवी एक मागितलं होतं. पाणी मागे गेलेलं असताना फोनवर चित्रण करून पाठव.

रत्नागिरीला गेले तेव्हा आजीच्या हिशेबाने चतुर्थी धरली आणि सकाळी नऊला भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी उभी राहिले. पाणी पार लांब गेलं होतं. ओल्या वाळूवर आभाळ उमटलं होतं, बगळे हिंडत होते, आणि दूर, जवळजवळ पाण्याच्या रेघेशी, पाच-सहा बायका कमरेत वाकून मुळे काढत होत्या. दोन मिनिटं मी कॅमेरा हलवला नाही. पाठवून दिलं.

रात्री उशिरा नातीचं उत्तर आलं. याययांनी ते तीन वेळा पाहिलं. आणि विचारलं, त्या बायका परत आल्या ना?

मी लिहिलं, आल्या. टोपल्या भरून आल्या.